चिनी दोंगह्वाची मराठी सबटायटलं: पहिली ओळ लिहिण्याआधी काय करायचं आणि नंतर काय

दोंगह्वा म्हणजे चिनी अ‍ॅनिमेशन मालिका. तिच्या इंग्रजी सबटायटलची फाइल उघडायची, वरून खाली मराठी करत सुटायचं, संध्याकाळी भाग तयार. बहुतेक जण अशीच सुरुवात करतात आणि चौथ्या-पाचव्या भागात अडकतात. तोवर नायकाचं नाव तीन प्रकारे लिहून झालेलं असतं. दोन वेगळ्या दर्जाच्या योद्ध्यांना 'सम्राट' ही एकच पदवी देऊन झालेली असते. आणि नायिका ज्याला तुमच्या सबटायटलमध्ये 'दादा' म्हणते आहे, त्याच्यावरच तिचं प्रेम आहे हे पडद्यावर उघड होतं. मागचे सगळे भाग परत उघडावे लागतात.

चूक भाषांतरात कमी आणि क्रमात जास्त असते. वेब कादंबरीवरून केलेल्या मालिकेत शब्दांची मोठी व्यवस्था असते आणि ती कादंबरीत शेवटपर्यंत आधीच ठरून गेलेली असते. पुढे कोणता शब्द येणार हे माहीत नसताना आधीचा शब्द पक्का केला की तो पुढे नडतो. म्हणून खाली तयारीचे टप्पे जास्त आहेत आणि प्रत्यक्ष लिहिण्याचे कमी.

सगळी उदाहरणं एकाच मालिकेतली घेतो: 'दोउ पो त्सांग छ्योंग', इंग्रजीत 'बॅटल थ्रू द हेवन्स'. त्येनत्सान तूदोउ या टोपणनावाच्या लेखकाची कादंबरी २००९ ते २०११ या काळात छीद्येन या संकेतस्थळावर क्रमशः आली. तिची सोळाशेहून जास्त प्रकरणं आहेत. टेन्सेंटवर तिची अ‍ॅनिमेशन मालिका २०१७ पासून येते आहे. पद्धत मात्र या जातीच्या कुठल्याही दोंगह्वाला लागू पडेल.

सावधान: भाषांतराचा हक्क मूळ हक्कधारकाचा असतो, १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यातही तो स्पष्ट दिलेला आहे. सरावासाठी, घरच्यांसाठी फाइल करणं वेगळं आणि व्हिडिओला चिकटवून ती जगभर वाटणं वेगळं. जाहीरपणे काही करायचं असेल तर आधी परवानगी मागा.

## टप्पा १: मालिकेचा क्रम लावा

भागांवरचे आकडे पाहून सुरुवात करू नका. या मालिकेचा पहिला हंगाम २०१७ च्या जानेवारीत आला. पण नायकाचं लहानपण, वूतान शहरातलं घर, मोडलेलं लग्न ही सुरुवात नीट सांगणारी 'युएनछी' (म्हणजे उगम) ही मालिका बऱ्याच नंतर केली गेली. 'तीन वर्षांचा करार' हा स्वतंत्र हंगाम आहे, आणि २०२२ पासून दर आठवड्याला येणारी लांबलचक मालिका त्याच्या पुढची. मध्ये विशेष भागही आहेत. हंगाम बदलताना पात्रांचे चेहरे इतके बदलतात की तोच माणूस आहे हे नावावरूनच कळतं. म्हणजे तुमचं नाव चुकलं तर बघणाऱ्याला दुसरा आधार नाही.

एक कागद घ्या. गोष्टीच्या क्रमानं हंगाम लिहा आणि प्रत्येकासमोर कादंबरीतली कोणती घटना कुठून कुठपर्यंत येते ते लिहा. प्रकरणाचा आकडा लिहू नका, घटना लिहा. वेगवेगळ्या प्रतींत प्रकरणांचे क्रमांक जुळत नाहीत, आणि अ‍ॅनिमेशन करणारे प्रसंग गाळतात, पुढे-मागे करतात.

कादंबरी अख्खी वाचायला हवी का? सोळाशे प्रकरणं कुणी मनोरंजनासाठीही सलग वाचत नाही. पण कोणत्या पदव्या येतात, कोणती घराणी येतात, कोण कुणाचा कोण लागतो, एवढा सांगाडा शेवटपर्यंत माहीत हवा. गोष्ट आधीच कळल्याने रस जाईल अशी भीती असेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

तपासा: कागद पाहून दोन प्रश्नांची उत्तरं देता आली पाहिजेत. सगळ्यात वरची पदवी कोणती? आणि आत्ता ज्याला मी 'सर्वश्रेष्ठ' लिहिणार आहे, त्याच्या वर किती जण आहेत?

## टप्पा २: नावांची वही

इथे सर्वांत जास्त घोळ होतो, आणि गंमत म्हणजे इथेच मराठी माणसाला इंग्रजी वाचकापेक्षा सोपं जायला हवं.

चिनी नावं रोमन लिपीत लिहायची पद्धत, पिनयिन, इंग्रजी उच्चारांवर चालत नाही. तिच्यात 'एक्स' म्हणजे श. 'क्यू' म्हणजे छ. 'सी' म्हणजे त्स. 'झेड-एच' म्हणजे 'जीवन'मधला ज आणि एकटा 'झेड' म्हणजे 'जागा'मधला ज. हे दोन ज आपण लहानपणापासून न शिकवता वेगळे बोलतो, इंग्रजी वाचकाला ते समजावून सांगावे लागतात. अगदी काटेकोर व्हायचं तर चिनी ब, द, ग हे आपल्या प, त, क यांच्या जवळचे आहेत. पण वर्तमानपत्रांनी बीजिंग, शी जिनपिंग अशी सवय लावली आहे, ती मोडण्यात अर्थ नाही. मी ब, द, ग, ज ठेवतो.

स्वरांत खरा सापळा आहे. रोमनमध्ये 'यान' दिसतं, उच्चार होतो 'येन'. 'शियान' दिसतं, उच्चार 'श्येन'. पण शेवटी 'जी' आला की परत 'आ' येतो: यांग, ल्यांग. म्हणून नायक 'झिआओ यान' नाही, 'क्सिआओ यान' तर नाहीच. तो श्याओ येन. त्याच्याशी ठरलेलं लग्न मोडायला येणारी मुलगी नालान येनरान. लहानपणापासून त्याच घरात वाढलेली श्युन-अर. अंगठीत राहणारे म्हातारे गुरू याओ लाओ. मालिकेच्या नावातला शेवटचा शब्द 'क्विओंग' नाही, 'छ्योंग'.

वहीत प्रत्येक नावासाठी चार रकाने करा: चिनी अक्षरं, उच्चार, मराठी लेखन, आणि 'हे नाव आहे की विशेषण?' चौथा रकाना लोक गाळतात आणि पस्तावतात. याच मालिकेत विषविद्येकडे वळणारी एक वैद्य मुलगी आहे, श्याओ यी श्येन. घाईत वाटतं की ही नायकाच्या श्याओ घराण्यातली, त्याची बहीण वगैरे. तसं काही नाही. नायकाचं आडनाव वेगळं अक्षर आहे. हिच्या नावातल्या 'श्याओ'चा अर्थ 'लहान', आणि अख्ख्या नावाचा अर्थ 'छोटी वैद्यपरी'. ते नाव नव्हेच, गावानं दिलेली पदवी आहे. तिचा अर्थ मराठीत द्या, उच्चार देऊ नका.

आणखी एक. चिनीत आडनाव आधी येतं. जागा वाचवायला नायकाला नुसतं 'श्याओ' म्हणू नका. त्याच्या घरात सगळेच श्याओ आहेत. लग्नघरात उभं राहून 'अहो पाटील' अशी हाक मारली तर दहा जण वळतील, तसं होईल.

चिनी वाचता येत नसेल तरी हा टप्पा होतो. बहुतेक दोंगह्वांत चिनी सबटायटल चित्रातच छापलेली असतात. चित्र थांबवा, फोटो काढा, अक्षरं ओळखणाऱ्या अ‍ॅपमधून ती मजकुरात आणा आणि प्लेकोसारख्या शब्दकोशात एकेक शब्द पाहा. एका भागाला सुरुवातीला तीन-चार संध्याकाळी जातात. नंतर तेच शब्द परत परत येतात, वेग वाढतो.

सावधान: इंग्रजी सबटायटल हा शेजाऱ्याचा सल्ला समजा. ऐका, पण त्यावर सही करू नका. त्यात सर्वनामांचा मान गेलेला असतो, नाती सपाट झालेली असतात, आणि भाषांतरकाराला जे कळलं नाही ते त्यानं गुळगुळीत करून टाकलेलं असतं.

## टप्पा ३: पायऱ्यांची शिडी एकदाच बांधा

या जातीच्या गोष्टी शक्तीच्या पायऱ्यांवर उभ्या असतात. कोण कुणाला मारू शकतो, कोण कुणासमोर वाकतो, सगळं त्यावर ठरतं. आपल्या मालिकेत तळाला दोउ छी (लढण्याची आंतरिक शक्ती) गोळा करण्याचे नऊ टप्पे आहेत. एकेकाळचा हुशार पोरगा घसरून तिसऱ्या टप्प्यावर येतो, तिथून गोष्ट सुरू होते. त्याच्यावर दहा पदव्या आहेत आणि बहुतेक पदव्यांत प्रत्येकी नऊ तारे.

'टप्पा' आणि 'तारा' हे दोन शब्द वेगळे ठेवा. इंग्रजीवरून करणारे दोन्हीकडे 'लेव्हल' लिहितात, आणि मग नऊ टप्प्यांचा मुलगा एक ताऱ्याच्या माणसाला का घाबरतो ते कुणालाच कळत नाही.

पदव्या उच्चारानं ठेवायच्या की अर्थानं? मी 'दोउ' (झुंज, लढत) हा शब्द तसाच ठेवतो आणि पुढचा अर्धा मराठी करतो. खालून वर माझी शिडी अशी: दोउ-साधक, दोउ-गुरू, महादोउगुरू, दोउ-आत्मा, दोउ-राजा, दोउ-सम्राट, दोउ-कुलगुरू, दोउ-पूज्य, दोउ-ऋषी, दोउ-चक्रवर्ती.

यातल्या तीन जागी थांबायला हवं.

सहावी पायरी 'ह्वांग' आणि दहावी 'दी'. शब्दकोशात दोन्हींचा अर्थ सम्राट. चिनीत सम्राटासाठीचा नेहमीचा शब्दच 'ह्वांगदी' आहे, दोन्ही जोडून. सहाव्या पायरीवर 'महासम्राट' खर्च करून टाकलात तर दहाव्याला काय देणार? आपल्याकडे 'चक्रवर्ती' आहे आणि तो राजांच्या राजालाच शोभतो. तो वरसाठी राखून ठेवा.

नववी पायरी 'शेंग'. इंग्रजीतून येणारा सरळ शब्द 'संत'. मराठीत संत म्हटलं की टाळ, वीणा, आळंदी. डोंगर फोडून शत्रूचं घराणं संपवणाऱ्याला 'दोउ-संत' म्हटलं की प्रेक्षक हसतो, आणि त्याचं बरोबर आहे. ऋषी मात्र आपल्या कथांत शाप देतात, नजरेनं भस्म करतात. ऋषी चालतो.

तिसरी जागा शिडीच्या बाहेरची आहे, पण तिच्यात पाय अडकतो. विद्यांच्याही चार श्रेणी आहेत: त्येन, दी, श्युएन, ह्वांग. सर्वांत खालची श्रेणी 'ह्वांग'. इथला ह्वांग म्हणजे पिवळा! सम्राट नव्हे. अक्षर वेगळं, उच्चार तोच. त्यातच वरून दुसरी श्रेणी 'दी' म्हणजे भूमी, आणि पदवीतला 'दी' म्हणजे सम्राट. हे चार शब्द चिनीच्या एका जुन्या पाठ्यपद्याच्या पहिल्या ओळीतून आले आहेत: आकाश, धरती, गूढ, पिवळं. मी गगन, भू, गूढ आणि पीत श्रेणी असं लिहितो. नायकाची मुख्य विद्या पीत श्रेणीपासून सुरू होते आणि अग्नी गिळत वर चढते. तिथे 'सम्राट श्रेणीची विद्या' लिहिलंत तर गोष्टीचा सगळा ताण पहिल्याच दिवशी संपला.

त्या विद्येचं नाव 'फेन जुए'. इंग्रजीत तिला 'मंत्र' म्हणतात. मराठीत मंत्र तोंडानं म्हणायचा असतो, ही तर साधनेची रीत आहे. 'दहनसूत्र' जास्त जवळ जातं.

औषधांच्या बाबतीत तर आपल्याकडे तयार शब्द आहेत आणि लोक ते वापरत नाहीत. 'ल्येन याओ श' म्हणजे शब्दशः औषध सिद्ध करणारा. इंग्रजीत तो 'अल्केमिस्ट' होतो, त्यावरून मराठीत 'किमयागार', आणि मग वाटतं हा लोखंडाचं सोनं करतो. 'रसवैद्य' लिहा. त्याच्या भट्टीतून निघते ती 'गोळी' नको. लढाईच्या दृश्यात 'त्यानं गोळी घेतली' म्हटलं की लोक बंदूक शोधतात. हेमगर्भाची मात्रा उगाळलेली ज्यांनी पाहिली आहे त्यांना 'मात्रा' लगेच कळते. नवीन मुलांना कळणार नाही म्हणाल तर 'गुटिका' आहे.

संस्थेच्या नावावर मी दोनदा आपटलो, ते सांगतो. युनलान ही डोंगरावरची गुरुशिष्यांची संस्था, चिनीत 'जोंग'. 'पंथ' लिहावं तर तो श्रद्धेचा शब्द. मी मोठ्या हौसेनं 'आखाडा' केलं, म्हटलं लढणं आणि गुरुपरंपरा दोन्ही आलं. पहिल्या बघणारीनं विचारलं, "ढगांतल्या संगमरवरी महालाला आखाडा? लंगोट कुठे आहेत?" मग 'पीठ' केलं. 'युनलान पीठ'. दोन भाग गेल्यावर लक्षात आलं की हे चक्कीवरच्या पिशवीवरचं नाव वाटतंय. शेवटी 'मठ' आणि 'मठाधिपती'वर आलो. म्हणून म्हणतो, ठरवलेला प्रत्येक शब्द मोठ्यानं, वाक्यात घालून, दुसऱ्या माणसासमोर एकदा म्हणा.

तपासा: शिडीचा कागद भिंतीवर लावला आहे? त्यातला कोणताही मराठी शब्द दोन चिनी शब्दांसाठी वापरलेला नाही ना?

## टप्पा ४: कोण कुणाला काय म्हणतं

हे काम संवाद सुरू होण्याआधी करा. पात्रांच्या जोड्यांची यादी करा आणि प्रत्येक जोडीसमोर तू, तुम्ही, आपण यांतलं एक लिहा. दोन्ही दिशांनी लिहा. गुरू शिष्याला तू, शिष्य गुरूला तुम्ही. हे नातं बदलणार असेल (शत्रूचा मित्र, अनोळखीची प्रेयसी) तर कोणत्या दृश्यापासून बदलतं तेही लिहा. 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं ही मराठीत मोठी घटना असते. ती चुकून तिसऱ्या भागात घडता कामा नये.

आता तो 'दादा'. श्युन-अर नायकाला 'श्याओ येन गेगे' म्हणते. गेगे म्हणजे मोठा भाऊ, पण चिनीत जवळच्या, वयानं मोठ्या मुलालाही लाडानं म्हणतात, आणि त्यात प्रेमाची छटा खुशाल असू शकते. मराठीत 'दादा' म्हटलं की दार बंद. रक्षाबंधन आणि भाऊबीज दोन्ही आठवतात. तीन वाटा आहेत. 'गेगे' तसंच ठेवणं, संबोधन गाळून नुसतं नाव आणि मऊ क्रियापद वापरणं, किंवा 'अहो'. 'अहो' लवकर होतं, पुढचं सगळं फोडून टाकतं. मी पहिल्या दृश्यात 'गेगे' ठेवतो आणि नंतर बहुतेक ठिकाणी नुसतं नाव. तिच्या आवाजातला लाड कानाला ऐकू येतोच, तो परत लिहायची गरज नाही.

'श्श्योंग', 'श्जिए' म्हणजे एकाच गुरूचे थोरले शिष्य. इंग्रजीत 'सीनियर ब्रदर' होतं. त्यावरून 'वरिष्ठ बंधू' लिहू नका, पंचायत समितीतला साहेब डोळ्यांसमोर येतो. गुरुबंधू आणि गुरुभगिनी हे आपले शब्द आहेत. पण थोरलेपण त्यात दिसत नाही, तेव्हा पहिल्यांदा 'थोरले गुरुबंधू' लिहून द्या. हे थोरलेपण परंपरेनं शिष्य होण्याच्या क्रमावरून ठरतं, वयावरून नाही. पांढऱ्या दाढीचा माणूस पोरसवद्या शिष्याला थोरला म्हणतो तेव्हा ती छपाईची चूक समजून दुरुस्त करू नका.

स्वतःला काय म्हणतात तेही पाहा. सर्पमानवांची राणी मेदूसा 'बन वांग' म्हणते, म्हणजे साधारण 'मी, राजा'. इंग्रजीत त्याचं नुसतं 'आय' होतं. मराठीत राजघराण्याचं 'आम्ही' ऐतिहासिक नाटकांनी कानात बसवून ठेवलं आहे, तेच वापरा.

### लिंगाचा पेच

चिनी बोलण्यात 'ता' म्हणजे तो, ती, ते, सगळंच. क्रियापदाला लिंग नाही. मराठीत 'मी गेलो' की 'मी गेले' हे ठरवल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. बुरख्याआडचं पात्र, नुसता आवाज, पत्रातला मजकूर अशा ठिकाणी लिंग आधी फुटलं तर लेखकाची युक्ती तुम्ही मोडलीत.

सुटका आहे. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ वापरा: 'मी पाहिलं', 'मी त्याला सोडलं'. किंवा 'मला जायचंय', 'माझ्याकडून होणार नाही'. यांत बोलणाऱ्याचं लिंग दिसत नाही. 'मी येतोय'ऐवजी 'पोचायला वेळ लागेल'. दोन-चार वाक्यांत सवय होते.

## टप्पा ५: आकडे आणि मापं

पटकन उरकण्यासारखा टप्पा, पण गाळू नका.

चिनी मोजणी दहा हजारांवर चालते, त्याला 'वान' म्हणतात. इंग्रजीत जाताना तिथे गोंधळ होतो आणि तोच मराठीत येतो. तुम्ही थेट चिनीवरून या: दहा वान म्हणजे एक लाख, शंभर वान म्हणजे दहा लाख, हजार वान म्हणजे एक कोटी, आणि 'यी' म्हणजे दहा कोटी. मधल्या मिलियनची गरजच नाही.

वेळेचं माप 'शिचेन' म्हणजे दोन तास. इंग्रजीत पुष्कळदा नुसतं 'अवर' दिसतं. 'प्रहर' लिहायचा मोह होईल, पण आपला प्रहर तीन तासांचा. सरळ 'दोन तास' लिहा. 'उदबत्ती जळेपर्यंत' हे माप मात्र शब्दशः ठेवा, मराठीत ते आपलंच वाटतं. अंतराचं 'ली' आजच्या हिशेबानं अर्धा किलोमीटर. शंभर ली म्हणजे पन्नास किलोमीटर, शंभर कोस नव्हे. 'जांग' हे लांबी-उंचीचं माप सव्वातीन मीटरच्या आसपास. दहा जांगांचा साप म्हणजे दहामजली इमारतीएवढा लांब, दहा फुटांचा नाही.

## टप्पा ६: आता लिहा

आता फाइल उघडा. सबटायटल लिहायला एजिसब किंवा सबटायटल एडिट ही सॉफ्टवेअर घ्या, दोन्ही फुकट आहेत, दोन्ही चालतात.

एका दमात एक दृश्य घ्या. आधी आवाज चालू ठेवून पाहा, काही न लिहिता. मग चिनी ओळी, मग इंग्रजी, आणि मग दोन्ही बंद करून मराठी. बंद करणं महत्त्वाचं आहे. समोर इंग्रजी वाक्य असलं की मराठी वाक्य त्याच्याच सांगाड्यावर उभं राहतं: 'तू असा आहेस जो कधी बदलणार नाहीस.' बंद केलंत की हात आपोआप लिहितो: 'तू काही बदलायचा नाहीस.'

म्हणींशी झटापट होणारच. नायक भर बैठकीत, लग्न मोडायला आलेल्यांसमोर एक जुनी चिनी म्हण बोलतो: तीस वर्षं नदीच्या पूर्वेला, तीस वर्षं पश्चिमेला. पीत नदी पात्र बदलायची, आज पूर्वेच्या काठावर असलेलं गाव उद्या पश्चिमेच्या काठावर जायचं, त्यावरून आलेली. अर्थानं आपली अगदी नेमकी म्हण आहे: चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. आणि ती तिथे अजिबात चालणार नाही. लग्न मोडणाऱ्या मुलीसमोर अपमानित पोरगा सासू-सुना काढतोय! नदी राहू द्या: 'आज नदी या अंगानं, उद्या त्या अंगानं. पोरगा आज गरीब आहे म्हणून हिणवू नका.' म्हण ओळखीची नसली तरी चित्र कळतं.

लढाईतल्या विद्यांची नावं ओरडून म्हटली जातात, सेकंद-दीड सेकंदात. लांब संस्कृत समास तिथे वाचून होत नाही. 'फो नू हुओ ल्येन' म्हणजे बुद्ध, कोप, अग्नी, कमळ. मी पहिल्या वेळी 'बुद्धकोप अग्निकमळ' पूर्ण देतो, पुढे 'अग्निकमळ'. महाराष्ट्रात बुद्ध म्हटलं की करुणा आठवते, कोप नाही. हे नाव काहींना खटकेल याची जाणीव ठेवा. म्हणूनही पुढचं छोटं रूप बरं.

वारंवार होणारी चूक: सगळ्यांना एकसारखं बोलायला लावणं. म्हातारे याओ लाओ, बाजारातला दलाल आणि मठाधिपती तिघेही पुस्तकी मराठी बोलू लागले की मालिका बातमीपत्र होते. पण उलटंही करू नका. दलालाला कोल्हापुरी आणि खलनायकाला नागपुरी दिलं की चीन नाहीसा होतो. वाक्याची लांबी आणि शब्दांची निवड बदला, गाव बदलू नका.

## टप्पा ७: वेळ, ओळी आणि जागा

एका वेळी दोनच ओळी. माझी मर्यादा ओळीला पस्तीस-चाळीस खुणांची. पडद्यावर किमान एक सेकंद, जास्तीत जास्त सहा-सात. दृश्य कट होतं तिथेच सबटायटल संपवा, कटवरून ओढू नका, नाहीतर बघणारा तीच ओळ पुन्हा वाचतो.

सॉफ्टवेअर लाल रंगात 'फार लांब' म्हणून ओरडेल, त्याला घाबरू नका. ते पुष्कळदा काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजतं. 'श्याओ' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, त्याच्या हिशेबी ती पाच खुणा आहेत. खरी परीक्षा मोठ्यानं वाचून घ्या. पात्राचं बोलणं संपेपर्यंत तुमचंही वाचून झालं पाहिजे.

चित्रात खाली चिनी ओळ छापलेली असते. तिच्यावर आपली ओळ चढवू नका, थोडी वर ठेवा. पाटी किंवा विद्येचं नाव पडद्यावर आलं तर त्याचा मराठी अर्थ वरच्या बाजूला.

## टप्पा ८: फाँट आणि शेवटची तपासणी

फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा. जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर कचरा दिसतो, युनिकोडमध्येच लिहा. नोटो (Noto) किंवा मुक्त (Mukta) हे फाँट चांगले वाचता येतात.

मग एक चाचणी ओळ करा: 'शक्ती, विद्यार्थी, दऱ्या, क्षणात, श्याओ'. जिथे बघायचं त्याच टीव्हीवर, त्याच प्लेअरमध्ये लावा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडली, जोडाक्षरं सुटी झाली किंवा 'दऱ्या'चा र तुटला, तर दोष तुमच्या टायपिंगचा नाही, प्लेअरला देवनागरी जुळवता येत नाही. दुसरा प्लेअर घ्या. ही चाचणी पहिल्या टप्प्यालाच केलीत तरी चालेल, तीनशे ओळी झाल्यावर रडण्यापेक्षा बरं.

शेवटी मालिका न पाहिलेल्या एका माणसाला बसवा. मध्ये बोलू नका, समजावू नका. तो कुठे मागे घेतो, कुठे 'हा कोण?' म्हणतो ते नुसतं लिहा. 'हा कोण?' दोनदा आलं तर वही उघडा, नावात काहीतरी गडबड आहे.

दुरुस्ती करताना आधी वहीतला शब्द बदला, मग फाइलींतला. 'शोधा आणि बदला' एका झटक्यात चालवू नका, कारण मराठीत शब्द विभक्तीसकट बदलतात. मी जुन्या भागांतल्या 'आखाडा'च्या जागी 'मठ' असं एकदम चालवलं होतं. 'आखाडा' सगळीकडून गेला, पण 'आखाड्यात', 'आखाड्याचे', 'आखाड्यांनी' जिथल्या तिथे राहिले आणि एकाच दृश्यात नालान येनरान मठाची शिष्या होती आणि आखाड्यात राहत होती. 'आखाड' एवढाच तुकडा शोधा आणि एकेक जागा हातानं बदला. एका भागात तीसेक जागा निघतात.